नावाची जागा

पोरांकडे मोबाईल सापडला की आम्ही बाकीचे शिक्षक तो मुख्याध्यापकांच्या कपाटात टाकायचो आणि पालकांना बोलावणं धाडायचो. ढोमसे सर तो आपल्या पेटीवर ठेवायचे. ज्याचा मोबाईल त्यालाच समोर उभं करून म्हणायचे, "वाजव बरं." पोरगं घाबरत घाबरत रिंगटोन वाजवायचं. सर डोळे मिटून ऐकायचे, पुन्हा वाजवायला लावायचे, आणि मग भात्यावर हात ठेवून तीच धून पेटीवर जशीच्या तशी काढायचे. "निषाद जरा चढा लागलाय रे ह्याचा," असं म्हणून मोबाईल परत द्यायचे. आपल्याला शिक्षा झाली की बक्षीस मिळालं, हे त्या पोराला घरी जाईपर्यंत कळायचं नाही.

मी शास्त्र शिकवणारी, शिस्तीची कडक. जुन्नरहून एसटीनं रोज येडगाव धरणाच्या कडेच्या त्या शाळेत यायचे आणि येतानाच कपाळावर आठी घेऊन उतरायचे, असं माझ्याबद्दल पोरं म्हणत. खोटं नव्हतं ते. सरांच्या या लाडांवर मी एकदा शिक्षकांच्या खोलीत चांगलीच भडकले. म्हटलं, "सर, उद्या एखाद्याकडे तंबाखू सापडली तर ती पण चाखून बघाल का?" सर मराठी शिकवायचे. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी असायची, आणि खडू खाली ठेवला की गावाकडची. ते हसून म्हणाले, "बाई, पोरं ज्यात रमल्यात त्याचा सूर तरी आपल्याला ठावा पायजे का नको? नुसतं कपाटात घालून काय कळनार हाय?"

त्यांची खरी ओळख मराठीचे शिक्षक म्हणून नव्हतीच. पंचक्रोशीत ते भारूडवाले सर. यात्रेत, सप्ताहात, शाळेच्या संमेलनात पँटवरच नऊवारी गुंडाळून, कपाळाला आडवं कुंकू लावून ते उभे राहिले की म्हातारी माणसंसुद्धा पुढे सरकून बसत. पहिल्यांदा मी त्यांना त्या सोंगात पाहिलं तेव्हा मान खाली घातली होती. सकाळी ज्यानं दहावीला व्याकरण शिकवलं तो माणूस दुपारी कमरेवर हात ठेवून ठुमकतोय, हे माझ्या शहरी डोळ्यांना पेलवत नव्हतं. पण पाचेक मिनिटांनी मीही इतरांसारखी हसत होते, आणि शेवटी त्यांनी साडीचा पदर खांद्यावर घेऊन देवाला हात जोडले तेव्हा नकळत माझेही हात जोडले गेले.

गावात नवीन वस्तू आली की तिच्यावर सरांचं भारूड यायचंच. नव्वदच्या सुमारास घरोघरी टीव्ही आले, तेव्हा टीव्हीबाईवर. मग कौलांवर डिशच्या छत्र्या उगवल्या, तेव्हा छत्रीवालीवर. पिवळ्या पाटीचं एसटीडीचं दुकान निघालं, तेव्हा त्याच्या काचेच्या खोलीवर. या सगळ्यांत एक गोष्ट ठरलेली असे. भारुडात मधे एक जागा यायची, तिथे समोर बसलेल्यातलं कुणाचं तरी नाव घालायचं. टाळकरी विचारणार, "कोनाच्या घरी?" आणि सर हात उगारून सांगणार, "सरपंचाच्या घरी!" मग सरपंचांच्या बायकोबद्दल जागच्या जागी रचलेली ओळ. सगळा मांडव हसायचा आणि सरपंच सगळ्यात मोठ्यानं. भारुडात नाव येणं हा मान होता. एकदा वर्षभर आपलं नाव आलं नाही म्हणून एक पाटील रुसल्याचं मला माहीत आहे. पुढच्या गावाला नाव बदलायचं, ओळ बदलायची. आदल्या गावचं हसू तिथेच राहायचं.

जुन्नरच्या बाजारपेठेत कांतिशेठचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. कांतिशेठचे आजोबा मारवाडातून आलेले, पण हे स्वतः इतकं अस्सल मराठी बोलायचे की भाव करायला आलेली माणसं आधी गप्पांनाच बसत. त्यांनी सरांच्या मागे फार लकडा लावला होता. "सर, एक कॅसेट काढू या. तालुक्यात वाजेल." सर कधीच कबूल झाले नाहीत. म्हणायचे, "शेठ, भारूड भाकरीवानी असतं. तव्यावरनं उतरली की खायची. डब्यात घालून ठिवली की वातड व्हती."

मोबाईल आमच्याकडे दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांत आले आणि मग एकदम सगळ्यांकडे आले. द्राक्षबागांवर, दुधाच्या डेअरीवर, कॉलेजच्या पोरांच्या खिशात. सरांना नवं खाद्य मिळालं. पण या वेळी ते घाईत नव्हते. मधल्या सुटीत पोरांच्या घोळक्यात जाऊन बसायचे आणि एखाद्या नव्या विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारायचे. त्यांना सगळ्यात नवल मिस कॉलचं. "वाजवायचं, पन उचलायचं न्हाई? मग त्यात बोलनं कुठं हाय?" पोरांनी समजावलं, "सर, एक रिंग म्हंजे पोचलो. दोन म्हंजे बाहेर ये. लगेच कट केला तर घरचे जवळ हायेत." सर मांडीवर थाप मारून उठलेच. "अरं, ही तर ठेक्याची भाषा! आपला मृदंगवाला दुसरं काय करतो?" त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी टेबलावर बोटांनी मला सगळे मिस कॉल वाजवून दाखवले. आम्ही ज्यांना बिघडलेली म्हणत होतो ती पोरं एकमेकांना फुकटात साद कशी घालतात, याचं त्यांना मनापासून कौतुक होतं.

त्यांच्या भारुडाच्या संचात तेव्हा दहावीतली एक मुलगी होती. तिला आपण वैशाली म्हणू. भीमाशंकरच्या अलीकडे तळेघरच्या बाजूची. तिकडे भात आणि नाचणीची शेती, एसटी अधूनमधून, शाळा लांब. म्हणून शिकायला मामाकडे आमच्या गावी ठेवलेली. उंच, सावळी, बोलायला लाजरी. पण प्रार्थनेला सूर लावला की मागच्या रांगेतली टवाळ पोरंही गप्प होत. सर तिच्याबद्दल म्हणायचे, "ही पोरगी दहावी झाली की तिला मी पुन्याला पाठवनार. गानं शिकाया. तिच्या बापाशी बोललोय मी." मोबाईलबाईच्या भारुडाची झील धरायला, म्हणजे मागून साथीनं गायला, तीच पुढे असायची. सराव शाळेच्या मागे बोरीच्या झाडाखाली चालायचा. वैशालीकडे स्वतःचा फोन नव्हता. सरावाची वेळ ठरली की सर तिच्या मामाच्या फोनवर मिस कॉल द्यायचे. मामा म्हणायचे, "जा गं, सरांचा ठोका पडला."

जानेवारीत संमेलन झालं. दुपारची वेळ, मांडव खच्चून भरलेला. सर लुगडं नेसून आले आणि त्यांनी सुरुवात केली,

"आली गं बाई, मोबाईलबाई,
हिला सासर न्हाई, हिला म्हायेर न्हाई,
खिशात निजती, कानाशी जागती,
घरच्या हाकेला ओ देत न्हाई!"

बायका पदराआड हसत होत्या, गडी माणसं खिशातले फोन चाचपत होती. मग ती जागा आली. "मिस कॉल आला गं, मिस कॉल आला, सांगा सयांनो, कोनाला आला?" टाळकऱ्यांनी उचललं, "कोनाला आला?" सरपंच समोर होते, डेअरीचे चेअरमन होते, मीही होते. पण सरांनी गर्रकन मागे वळून आपल्या लाडक्या झीलकरणीकडे बोट केलं. "वैशालीला आला!" आणि लगेच पुढची ओळ, "बोलावलंय तिला, शाळेच्या मागं, बोरीखाली!" संचातल्या पोरांना हसू फुटलंच, कारण त्यांना माहीत होतं, बोरीखाली कोण बोलावतं आणि कशाला. वैशालीनं टाळ तोंडापुढे धरला आणि ती लाजून हसली. सरांनी हसू ओसरू दिलं, दम घेतला आणि पुढची ओळ म्हटली, "सूर लाव आधी, मास्तर उभा छडी घेऊन!" आता सगळा मांडव हसला. वैशालीचे मामा मागे उभे होते. तेही हसत होते, शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होते. त्या दिवशी त्या मांडवात कुणाचंही काही चुकलं आहे असं कुणालाही वाटलं नाही.

ते कुणी भरून घेतलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कितीतरी हातांत मोबाईल होते.

सरांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. आम्ही दोघंही जुन्नरच्या एसटीत होतो. त्यांना तिथे काम होतं. पुढच्या बाकावर कुणाचा तरी फोन वाजला आणि त्यातून सरांचा आवाज आला. "मिस कॉल आला गं, मिस कॉल आला..." सर ताठ झाले. आयुष्यात कधी कॅसेट न काढलेला माणूस, आपला आवाज बाहेरून ऐकत होता. त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला हसू आलं. "बाई, ऐकलं का?" ते कुजबुजले. तोवर फोन म्हणाला, "वैशालीला आला! बोलावलंय तिला, शाळेच्या मागं, बोरीखाली!" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, "मिस कॉल आला गं..." रिंगटोन तेवढीच कापलेली होती. सूर आणि मास्तराची ओळ तिच्यात नव्हतीच. फोनवाला उचलायच्या आधी मुद्दाम थांबला. मागून कुणीतरी विचारलं, "कोन रं ही वैशाली?" दुसऱ्यानं तिच्या मामाचं नाव घेऊन सांगितलं, "त्याची भाची. लई पुढची दिसतीय." आख्खी गाडी हसली. सरांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं आणि जुन्नर येईपर्यंत वळवलेलंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या शाळेपुढे सांगितलं, "ज्यांच्या घरी फोनात ते गाणं असेल त्यांनी काढून टाका. मी हात जोडतो." सरांनी एवढ्या कळकळीनं सांगितलं की ज्यांना ते गाणं ठाऊक नव्हतं त्यांनाही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते हवं झालं. पोरं वाईट नव्हती. येऊन दाखवायची, "सर, बघा, डिलीट केलं." आणि दोन दिवसांनी त्यांच्याच फोनात ते चुलत भावाकडून परत आलेलं असायचं. बाजारच्या दिवशी सर कांतिशेठकडे गेले. कॅसेटी जाऊन आता तिथे मेमरी कार्डात गाणी भरून मिळत होती. कांतिशेठ म्हणाले, "सर, माझ्याकडे आलं होतं ते मी केव्हाच पुसलं. पण आता माझ्याकडून घेतंय कोण? दोन फोन शेजारी धरले की काम झालं. तुम्ही तेव्हा कॅसेट काढू दिली असतीत ना, तर निदान पूर्ण गाणं तरी लोकांकडे असतं." सर दुकानातून उठून आले. मला नंतर म्हणाले, "खरं बोलला शेठ. मी म्हनायचो, वातड व्हती. अर्धी तोडल्याली भाकरी अशी नासंल, ह्ये मला सुचलंच न्हाई."

वैशालीचं शाळेत येणं आधी कमी झालं, मग थांबलं. बोरीखालून जाताना पोरं तोंडानं रिंग वाजवायची. मामा चहाच्या टपरीवर बसले की कुणाचा तरी फोन नेमका तेव्हाच वाजायचा. जे मामा मांडवात कोपरानं ढोसत हसले होते त्यांनीच एके दिवशी भाचीचं सामान बांधलं आणि तिला तळेघरच्या गाडीत बसवून दिलं. परीक्षा तोंडावर आली होती. हॉल तिकिटं येऊन पडली होती. सर माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमी माझ्यासंगं चला. बाईमानूस बरोबर असलं म्हंजे तिच्या घरची आत तरी घेतील."

आम्ही मंचर, घोडेगाव करत गेलो. डिंभ्याच्या धरणापुढे रस्ता चढू लागला, गाडीनं उतरवल्यावर बरंच चालायचं होतं. वाटेत सर मला पुन्हा पुन्हा सांगत होते, आपण काय बोलायचं ते. पुढची ओळ म्हणून दाखवायची, म्हणजे त्यांना कळेल की बोलावणारा मास्तरच होता. वैशाली घरापुढच्या खाचरात आईबरोबर राब भाजायची तयारी करत होती. भाताची रोपं टाकायची तेवढ्या तुकड्यावर पाला पसरून तो जाळतात, त्यासाठी डोक्यावरून पाल्याचे भारे आणत होती. आम्हाला पाहून तिनं भारा खाली टाकला आणि सरळ घरात गेली.

तिच्या वडिलांनी पाणी दिलं, घोंगडी टाकली. आवाज चढवला नाही. सरांनी हॉल तिकीट पुढे ठेवलं, माफी मागितली आणि ती राहिलेली ओळ तिथे बसूनच म्हणून दाखवली. वडील शेवटपर्यंत ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सर, ही वळ चांगली हाय. पन ती ऐकतंय कोन? फोन उचलेस्तवरच वाजतंय ना त्ये."

"मी सगळ्यांना सांगीन," सर म्हणाले.

"किती जनांना? हितं रेंज न्हाई. त्या टेकाडावर चढल्याबिगर फोन लागत न्हाई. तरी तुमचं गानं हितं आलंय. मंचरला बाजारात जानाऱ्या पोरांच्या खिशातनं आलं." त्यांनी कोनाड्यातला मोबाईल काढला. त्यांच्याकडे तो गाण्यांपुरताच होता. "तुमी चांगलं मानूस हायसा. माझ्या मनात राग न्हाई. पन एक करा. तुमची पोरगी पुन्याला शिकती म्हनं. तिचं नाव घालून हितं म्हना. मी भरून घेतो. मग दोगींचं वाजू द्या. माझी पोरगी उद्याच पेपरला धाडतो."

सरांची मुलगी नंदा तेव्हा पुण्यात कॉलेजला होती. सर सावरून बसले. त्यांनी घसा साफ केला. वडिलांनी बटण दाबून फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. सरांनी सुरू केलं, "मिस कॉल आला गं, मिस कॉल आला, सांगा सयांनो, कोनाला आला..." ज्या माणसाला कधी शब्दासाठी क्षणभर अडलेलं मी पाहिलं नव्हतं, तो तिथे थांबला. तोंड उघडं, हात अर्धा उचललेला. मी मनात म्हणत होते, म्हणा सर, एक नाव आहे, म्हणून टाका. त्यांच्या ओठांवर ते आलेलं मला दिसलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "ढोमश्याला आला. माझंच नाव घाला. लागंल तितक्यांदा म्हनतो."

वडिलांनी फोन बंद केला. "गड्याच्या नावानं काय हुतंय, सर? हसत्याल आन इसरत्याल." एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, उलट पाहुण्याला अडचणीत टाकल्याचा संकोचच होता. सरांनी मान इतकी खाली घातली होती की मला त्यांच्या टोपीचा वरचा भाग तेवढा दिसत होता.

निघताना वैशाली दारात आली. सरांकडे न बघता म्हणाली, "सर, तुमी नाव घेतलं तवा मला लई बरं वाटलं व्हतं. एवढ्या मानसांत माझं नाव." सर खाली वाकले. हॉल तिकीट त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं, आणि आम्ही उताराला लागलो. चालताना फक्त एकदा ते बोलले. "मला पोरीचं नाव घेववलं न्हाई, बाई. दुसऱ्याच्या पोरीचं घेताना जीभ जरा बी अडली नव्हती." मी शास्त्र शिकवणारी, मला सांत्वन करता येत नाही. मी नुसती त्यांच्या बाजूनं चालत राहिले.

परीक्षेच्या पहिल्या पेपरापासून शेवटच्या पेपरापर्यंत सर रोज फाटकाशी उभे असत. घंटा झाली की आत येत. वैशाली आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं मामांकडून कळलं. सरांनी पेटी शाळेला देऊन टाकली. पोरांचे मोबाईल आता तेही कपाटात टाकायचे, न ऐकता. नंदानं वडिलांना एक फोन घेऊन दिला होता, तो कायम आवाज बंद करून खिशात असे.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. जुने विद्यार्थी लांबलांबून आले होते. कुणी कंपनीत, कुणी बागायतदार. सगळ्यांनी एकच हट्ट धरला, सर, मोबाईलबाई. सर नाही नाही म्हणत राहिले, शेवटी उठले. लुगडं नाही, सोंग नाही, पँट-टोपीवरच उभे राहिले. आवाज थकला होता पण सूर तोच होता. त्या जागी ते येऊन पोचले. "सांगा सयांनो, कोनाला आला?" टाळकऱ्यांनी उचललं, "कोनाला आला?" सर गप्प. त्यांनी ती जागा मोकळी सोडायची ठरवलेली होती, हे मला तेव्हाच कळलं. ते टाळाच्या ठेक्यावर नुसती मान हलवत उभे होते, मोजून पुढच्या ओळीवर येणार होते. पण लोकांना वाटलं, सर विसरले. म्हातारे झाले, आठवत नाही. आणि मांडवात एका भल्या माणसानं, त्यांना मदत करायची म्हणून, आपला फोन उंच धरला. सरांचाच आवाज, तरणा, हसरा, सगळ्या मांडवात घुमला. "वैशालीला आला!"

टाळ्या पडल्या. सरांनी त्या फोनच्या दिशेनं हात जोडले आणि खाली बसले. पुढची ओळ त्यांनी म्हटलीच नाही. सत्काराची शाल त्यांनी तोंडावर ओढून घेतली होती, लोक म्हणाले, सरांना भरून आलं. मी जवळ होते. ती लाज होती, आणि ती त्यांना इतक्या वर्षांनीही कालच्यासारखी झोंबत होती. त्या मांडवात ती आम्हा दोघांनाच कळत होती.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. दशक्रिया नदीकाठी झाली. आमच्याकडे दशक्रियेला सभेइतकी माणसं असतात, प्रवचन होतं, श्रद्धांजलीची भाषणं होतात. भाषण करणाऱ्या प्रत्येकानं सरांच्या भारुडाचा उल्लेख केला आणि जवळजवळ प्रत्येकानं ती ओळ म्हणून दाखवली, नावासकट. बायकांच्या घोळक्यात सगळ्यात मागे एक जण पदर कपाळाच्या खाली ओढून बसली होती. मांडीवर लहान मूल होतं. उंचीवरून मी ओळखलं. मी उठून तिच्याकडे गेले, तोंड उघडलं, तोच तिनं माझा हात घट्ट धरला. "बाई, हितं माझं नाव घेऊ नका."

मी तिच्याशेजारी बसले. प्रवचन चाललं होतं. मुलाला थोपटत ती खालच्या आवाजात म्हणाली, "सरांनी गानं सोडलं म्हनं. माझ्यामुळं सोडलं ना? तवापासनं मला त्येचीच लाज वाटती." मी तिला सांगितलं की तसं नाही, त्यात तुझं काही नाही, लाज वाटायची तर ती सरांना वाटत होती आणि मरेपर्यंत वाटली. तिनं मान हलवली. पण तिला ते पटलं नाही, हे तिच्या हातावरून मला कळत होतं. मूल रडायला लागलं तशी ती उठली आणि लोक पांगायच्या आत एसटीच्या रस्त्याला लागली. पाठमोरी जाताना मला तिला हाक मारायची होती. "अगं ए," एवढंच मी म्हणाले, आणि माझ्यापाशीच म्हणाले.

हे सगळं लिहिताना मी तिला वैशाली म्हटलं. ते तिचं नाव नाही. सरांनी भारुडात घातलं होतं ते, आम्ही सगळे तिला हाक मारायचो ते नाव मी इथे बदललं आहे. वैशाली या नावाची मुलगी त्या साली आमच्या शाळेत कुणी नव्हती, याची खात्री करून घेतली आणि मगच ठेक्यात बसणारं हे एक नाव इथे घातलं. सर असते तर त्यांनी तेवढंही घातलं नसतं.